विश्लेषण: छोटी रिमोट कार घेताना सदोष ‘लॉट’ कसा टाळावा?

तळहातावर मावणारी रिमोट कार आता बिबवेवाडीत कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही दिसते आणि मोबाइलवरून मागवली तर एक-दोन दिवसांत दारातही येते. पण महिना-दोन महिन्यांत तक्रार ठरलेली असते. रिमोट दाबला की मोटरचा आवाज येतो, गाडी मात्र जागची हलत नाही. ‘मुलाने आपटली असेल,’ असे दुकानदार म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. प्रत्यक्षात हा दोष अनेकदा गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेला असतो, आणि तो एका गाडीत नसून तिच्याबरोबर बनलेल्या सगळ्या गाड्यांत असू शकतो. तो ओळखायचा कसा, आयएसआय चिन्हावर किती विसंबायचे आणि गाडी सदोष निघालीच तर कायदा काय देतो, याचा हा आढावा.

छोट्या रिमोट कारमध्ये असते काय?

खेळण्यातल्या गाडीचा आकार ‘स्केल’मध्ये सांगतात. साडेचार मीटर लांबीची खरी मोटार १:६४ स्केलमध्ये सुमारे ७ सेंटीमीटरची होते, तर १:७६ मध्ये सहा सेंटीमीटरच्या आत बसते. जपानच्या टोमी कंपनीने २००१ मध्ये ‘बिट चार-जी’ ही इवलीशी रिमोट कार बाजारात आणली, त्यानंतर या आकाराच्या गाड्यांची आणि त्यांच्या नकलांची लाट आली.

एवढ्याशा जागेत बोटाच्या पेरापेक्षा लहान मोटर, तिच्या दांड्यावर बसवलेले छोटे दातेरी चाक म्हणजे पिनियन, मागच्या आसावरचा मोठा गिअर, पुढची चाके वळवणारी यंत्रणा, संदेश पकडणारा सर्किट बोर्ड आणि एक चार्ज होणारा सेल हे सगळे बसवलेले असते. जुन्या पद्धतीच्या स्वस्त गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, नव्या बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर. पहिल्या प्रकारात दोन गाड्या एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील, तर एका रिमोटने दोन्ही हलतात. अनेक जण याला बिघाड समजून गाडी परत करतात, पण तो दोष नव्हे. २.४ गिगाहर्ट्झच्या गाडीची मात्र तिच्या रिमोटशी जोडी जुळवलेली असते, ती दुसऱ्याच्या रिमोटला दाद देत नाही.

नेहमी आढळणारा दोष कोणता?

मोटर फिरते पण चाके फिरत नाहीत, याचे एक नेहमीचे कारण म्हणजे तडा गेलेले पिनियन. मोटरचा दांडा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर प्लास्टिकचे पिनियन चिकटवत नाहीत, दाबून बसवतात. त्यासाठी पिनियनचे भोक दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवलेले असते, म्हणूनच ते घट्ट धरून राहते. याचा अर्थ असा, की गाडी खोक्यात नुसती पडून असली तरी त्या प्लास्टिकवर सतत ताण असतो.

भोक हवे त्यापेक्षा थोडे जास्त लहान झाले किंवा प्लास्टिक हलके वापरले गेले, की हा ताण सोसत नाही. दोन दातांमधल्या खाचेत, जिथे प्लास्टिक सर्वांत पातळ असते, तिथे तडा जातो. पकड सुटलेले पिनियन दांड्यावर नुसते घसरत राहते. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती जमवणाऱ्यांनाही फुटक्या गिअरचा हा दोष चांगलाच परिचयाचा आहे.

त्यातली अडचण अशी, की तडा पहिल्या दिवशी असेलच असे नाही. तो काही आठवड्यांनी, काही महिन्यांनीही जातो. त्यामुळे दुकानात सुरळीत पळालेली गाडी घरी बंद पडते आणि दोष हाताळणाऱ्या मुलावर येतो.

याशिवाय कच्चे सोल्डरिंग, सुटलेली अँटेनाची तार, एकाच बाजूला ओढणारे स्टिअरिंग आणि लवकर दम तोडणारा सेल हेही दोष आढळतात.

दोष एका गाडीत असतो की संपूर्ण लॉटमध्ये?

मार्केट यार्डात आंब्याच्या पेटीत एक डागी फळ निघाले, तर जाणकार गिऱ्हाईक तेवढेच फळ बदलून मागत नाही, पेटी उलटून बघतो. खेळण्यांनाही हाच नियम लागू होतो. पिनियन साच्यातून हजारोंच्या संख्येने निघतात. साचा झिजला किंवा त्या दिवशीचा प्लास्टिकचा माल कमअस्सल असला, तर त्या खेपेतल्या सगळ्याच नगांत कमजोरी उतरते. साचा बदलल्यावर बनलेली, दिसायला तशीच गाडी मात्र चांगली असू शकते. म्हणून ‘अमुक मॉडेल चांगले की वाईट’ या प्रश्नापेक्षा ‘हा नग कोणत्या खेपेतला’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मॅटेल या अमेरिकी कंपनीचे २००७ मधले प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. चित्रपटातल्या पात्रावर बेतलेल्या ‘सार्ज’ या अडीच इंची गाडीच्या रंगात शिसे सापडले आणि ऑगस्ट २००७ मध्ये जगभरातून सुमारे ४ लाख ३६ हजार गाड्या परत मागवण्यात आल्या. ही गाडी रिमोटवर चालणारी नव्हती, पण सदोष नग ओळखण्याची रीत बोलकी होती. तळाशी ‘७ईए’ आणि ‘चायना’ असे उमटवलेल्या गाड्या परत करायच्या होत्या. त्याच गाडीवर ‘थायलंड’ असेल, तर ती या यादीत नव्हती. खोके तेच, रंगरूप तेच. फरक तळाशी उमटवलेल्या बारीक अक्षरांत होता.

उत्पादनातला दोष आणि रचनेतला दोष यांत फरक काय?

आराखडा बरोबर असून कारखान्यात चूक झाली, तर तो उत्पादनातला दोष. आराखड्यातच चूक असेल, तर तो रचनेतला दोष, आणि मग कोणत्याही खेपेतली गाडी घेतली तरी तो टळत नाही. मॅटेलने त्याच काळात सुटू शकणारी छोटी चुंबके असलेली खेळणीही लाखोंच्या संख्येने परत मागवली होती. खापर सुरुवातीला चिनी कारखान्यांवर फुटले. पुढे सप्टेंबर २००७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बीजिंगमध्ये दिलगिरी व्यक्त करताना मान्य केले, की परत मागवलेल्या बहुतांश खेळण्यांत चूक कंपनीच्या स्वतःच्या रचनेची होती.

भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही हा फरक आहे. कलम ८४ नुसार उत्पादनातला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या निकषांपासून फारकत आणि वापराच्या पुरेशा सूचना वा इशारे न देणे या वेगवेगळ्या कारणांसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येते. आपण निष्काळजी नव्हतो, असे सिद्ध केल्याने उत्पादकाची त्यातून आपोआप सुटका होत नाही.

आयएसआय चिन्ह असले की गाडी निर्दोष असते का?

नाही. चिन्ह गाडी सुरक्षित आहे का, एवढेच सांगते. ती किती दिवस टिकेल, हे सांगत नाही.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तेव्हापासून देशी असो वा परदेशी, खेळण्यावर भारतीय मानक ब्युरोचे म्हणजेच बीआयएसचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी यांना त्यातून सूट आहे. विजेवर वा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी ‘आयएस १५६४४’ हे मानक आहे. गरम होणे, शॉर्टसर्किट, सेलचे झाकण सहज न उघडणे अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात.

आदेशामागे कारण होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली आणि परिसरातून आयात खेळण्यांचे १२१ नमुने तपासले, त्यातले सुमारे ६७ टक्के नापास झाले. आदेश लागू झाल्यावरही विनाचिन्ह माल थांबला नाही. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने महिनाभरातल्या छाप्यांत मॉल आणि विमानतळांवरच्या मोठ्या दुकानांमधूनही अशी सुमारे १८,६०० खेळणी जप्त केल्याचे जाहीर केले. तीन मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांनाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा दिल्या होत्या.

म्हणजे चिन्ह हवेच, पण ते पहिली चाळणी आहे. पिनियन तीन महिन्यांनी फुटेल का, याचे उत्तर त्यात नाही.

चिन्ह खरे आहे, हे कसे पडताळायचे?

नुसते चिन्ह छापणे कुणालाही जमते. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये हा क्रमांक टाकला, की परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि तो चालू आहे का, हे दिसते. ॲपवरचे नाव आणि खोक्यावरचे नाव जुळत नसेल, तर गाडी परत ठेवणे बरे. चिन्हाच्या गैरवापराची तक्रारही याच ॲपवर करता येते.

खोक्यावर ‘१४+’ का छापलेले असते?

हा आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी बनवलेल्या वा उघडपणे त्यासाठीच असलेल्या वस्तूंना लागू आहे. मोठ्या माणसांच्या छंदासाठी बनवलेल्या गाड्या त्यात येत नाहीत, त्यामुळे त्यांवर आयएसआय चिन्ह नसते. अशा गाड्या वेगवान असतात, त्यांचा सेल जास्त ताकदीचा असतो आणि सुटे भाग बारीक असतात.

सात वर्षांच्या मुलासाठी गाडी घेणाऱ्याने हे छापील वय म्हणूनच गंभीरपणे घ्यायला हवे. कार्टूनची चित्रे असलेल्या रंगीत खोक्यावर कोपऱ्यात ‘१४+’ असेल आणि आयएसआय चिन्ह नसेल, तर ती गाडी लहान मुलाच्या हाती देण्यासाठी तपासलेली नाही, एवढे नक्की.

दुकानात पाच मिनिटांत काय तपासता येईल?

पहिले खोके. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार त्यावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना आणि वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि आयात मालावर मूळ देश छापलेला असावा लागतो. लॉट ओळखण्याचा सामान्य गिऱ्हाइकाच्या हातातला धागा हा महिना-वर्षच आहे. बॅच क्रमांक असेल तर उत्तमच. दुकानदाराला ‘या गाड्या परत येतात का’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘या महिन्याच्या खेपेतल्या किती परत आल्या’ असे विचारावे. दोन वेगळ्या महिन्यांचा माल असेल, तर दोन्ही काढून बघाव्यात.

दुसरे, गाडी बंद ठेवून मागची चाके बोटाने हळूहळू फिरवावीत. मोटरमधल्या चुंबकांमुळे हलका, एकसारखा अडथळा जाणवू शकतो, तो दोष नाही. एका ठरावीक जागी ‘टक्’ असा कडक झटका लागत असेल, तर गिअरला तडा असण्याची शक्यता आहे. तडा पडला, की त्या जागी दोन दातांमधले अंतर वाढते आणि समोरचा दात तिथे अडतो. झटके मोजले तर दोष कुठे आहे तेही कळते. समजा, पिनियनला ८ आणि आसावरच्या गिअरला २४ दात आहेत. चाकाच्या एका फेऱ्यात एकच झटका लागला, तर तडा मोठ्या गिअरला. सारख्या अंतराने तीन लागले, तर पिनियनला. जोर लावून मात्र फिरवू नये.

तिसरे, गाडी तीन-चार मीटर सरळ पळवावी. एका बाजूला ओढत असेल, तर पोटाखालची वा रिमोटवरची ट्रिमची कळ थोडी फिरवून ती सरळ करता येते. ट्रिम करूनही वळण घेतल्यावर चाके मधोमध परत येत नसतील, तर दोष स्टिअरिंगमध्ये आहे.

चौथे, गाडी अडवून न धरता दहा-बारा वेळा पुढे-मागे करावी. मोटरचा आवाज अचानक चढतो आणि गाडी मात्र मंदावते, असे झाले तर पिनियन घसरते आहे. पाचवे, पाच-सहा पावले दूर जाऊन रिमोट चालवावा. जवळून चालणारी आणि एवढ्याशा अंतरावर अडखळणारी गाडी बहुधा अँटेनाच्या जोडणीत कच्ची असते.

खोके फोडून दाखवायला दुकानदार नाखूश असेल, तर निदान नमुन्याची गाडी त्याच महिन्याची आहे का, हे बघावे.

ऑनलाइन घेताना काय करायचे?

तिथे गाडी हाताळता येत नाही आणि एकच गाडी चार नावांनी विकली जाते. त्यामुळे नावापेक्षा विक्रेता, आयातदार आणि परवाना क्रमांक बघावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची माहिती आणि मूळ देश दाखवणे आवश्यक आहे. गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांत तारे मोजण्यापेक्षा तारखा बघाव्यात. ‘मोटर फिरते, गाडी चालत नाही’ ही तक्रार एखाद्या काळात एकगठ्ठा आली असेल आणि नंतर थांबली असेल, तर ती एका लॉटची खूण आहे. वर्षानुवर्षे सारखी येत असेल, तर दोष रचनेतला असावा आणि ते मॉडेलच सोडून द्यावे. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण आणि खोक्यावरच्या महिना-वर्षाचा फोटो पुढे उपयोगी पडतो.

चार्जिंगमध्ये धोका कुठे असतो?

पिनियन फुटले तर पैसे जातात. सेलमध्ये दोष निघाला, तर धोका अंगावर येतो. या गाड्यांतला लिथियम सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. यूएसबीतून मात्र ५ व्होल्ट येतात. मधला फरक सांभाळणारे छोटे सर्किट काही गाड्यांत आत असते, तर काही स्वस्त गाड्यांत ते चार्जिंगच्या तारेतच बसवलेले असते. अशा गाडीला दुसऱ्या खेळण्याची, तशीच पिन असलेली तार लावली, तर सेलला नको इतका दाब मिळतो. म्हणून गाडीसोबत आलेलीच तार वापरावी, हरवली तर त्याच कंपनीची मागवावी.

चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, फरशीवर वा ओट्यावर करावे, गादीवर नको आणि रात्रभर तर नकोच. गाडी कोमट झाली तर चालते. हातात धरवत नसेल इतकी तापली किंवा सेल फुगला, तर वापर तिथेच थांबवावा, सेलला टोचू नये. असा सेल घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावा. काही रिमोटमध्ये नाण्याच्या आकाराचा सेल असतो. त्याचे झाकण स्क्रूने बंद असायलाच हवे. लहान मुलाने असा सेल गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजू शकते, त्यामुळे थेट रुग्णालय गाठावे.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कायदेशीर आहे का?

पुण्यात पाट्यांना तोटा नाही, पण सदोष मालाबाबत ही पाटी टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) नुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास वा पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. पाचशे रुपयांच्या गाडीचे बिल कशाला, असे म्हणून ते सोडून देणारा ग्राहक आपला सर्वांत मोठा पुरावा दुकानातच ठेवून येतो.

दुकानदारासाठीही यात धडा आहे. खोक्यावर उत्पादकाचे नाव नसेल आणि तो सापडत नसेल, तर कलम ८६ नुसार नुकसानीची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला निनावी माल म्हणूनच महाग पडू शकतो.

पहिली तक्रार दुकानदाराकडे किंवा विक्रेत्याकडे लेखी करावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी बिबवेवाडीच्या रहिवाशाला पुण्याच्या आयोगात दाद मागता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ याच शहरात सुरू केली. ग्राहकाने संघटितपणे दाद मागण्याची परंपरा पुण्याला नवी नाही.

मुदत उलटून गेली असेल तर?

तर गाडी फेकण्याचे कारण नाही. दांड्याची जाडी आणि दातांची संख्या मोजून तेवढेच पितळी किंवा चांगल्या प्लास्टिकचे पिनियन बसवता येते. मोटर आणि असे सुटे भाग शोधायला पुणेकर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठतात. पितळी पिनियन फुटत नाही, पण नीट जुळले नाही तर आसावरचा प्लास्टिकचा गिअर कुरतडते. गाडी मुदतीत असेल, तर मात्र आधी तक्रार करावी आणि मगच स्क्रू काढावेत. उघडलेल्या गाडीचा दोष कारखान्याचा होता, हे पटवणे अवघड जाते.

त्याच महिन्याची गाडी शेजारच्या घरातही बंद पडली असेल, तर दोन्ही बिले आणि खोक्यांचे फोटो जोडून एकत्र तक्रार करावी. एक बंद गाडी दाखवली, तर ‘मुलाने आपटली’ हे उत्तर खपते. एकाच लॉटमधल्या चार गाड्या एकाच जागी फुटल्या, तर ते उत्तर देणे कठीण होते.